होळी, कूलर आणि नाकातला फुगा

नमस्कार श्रोतेहो.

होळी जवळ आली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जाळीत वर्षभर पडून राहिलेली खस ओढून काढली की धूळ आणि बुरशीचा भपकारा थेट नाकात जातो. दोन दिवसांत माझ्या दवाखान्यात रांग लागते. परवा काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आले. कपाळ दाबत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नाक मोकळंच होत नाही जी. ते फुग्याचं ऑपरेशन करून टाका ना!"

या फुग्याबद्दल आज बोलायचं आहे.

आपल्या कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे हवेच्या पोकळ्या असतात. हेच सायनस. त्यांच्या चार जोड्या. आतल्या अस्तरावरची बारीक लव शेंबूड सतत नाकात उघडणाऱ्या दाराकडे ढकलत असते आणि ते दार जेमतेम काही मिलिमीटरचं. ॲलर्जीनं अस्तर सुजलं की दार मिटतं, आतला द्रव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि डोकं जड होतं.

फुग्याच्या उपचाराला अमेरिकेत 2005 साली मान्यता मिळाली. नाकातून 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालायची, दारातून बारीक तार सरकवायची, तिच्यावरून मिटलेला फुगा न्यायचा आणि पाणी भरून तो काही सेकंद फुगवायचा. दाराभोवतीचं पातळ हाड दबतं, वाट रुंदावते, फुगा बाहेर. कापाकापी जवळपास नाही. नीट निवडलेल्या रुग्णाला पूर्ण भूल न देताही हे करता येतं आणि बहुतेक जण एक-दोन दिवसांत कामाला लागतात.

पण फुगा दार उघडतो, ॲलर्जी काढत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका शिक्षिकाबाईंना हे नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात गाजर गवत फुललं आणि त्या शिंकत-शिंकत आल्या. "ऑपरेशन वाया गेलं का हो?" त्यांचे सायनस मोकळेच होते. सांगण्यात कमी पडलो तो मी. तेव्हापासून मी हे आधी सांगतो, मग तपासतो.

मोसमात पंधरा दिवस शिंका आणि पाणी, एवढ्यासाठी फुगा नको. त्रास 12 आठवड्यांहून जास्त चाललाय, औषधं नेमानं घेऊनही हटत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये सायनस भरलेले दिसतात, अशांसाठी विचार करायचा. नाकात मांसल कोंब असतील, बुरशीचा चिकट गोळा असेल किंवा डोळ्यांमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या सायनसमध्ये आजार असेल, तर फुगा पुरत नाही. तिथे दुर्बिणीचं नेहमीचं ऑपरेशनच लागतं.

बागायतदारांना मी फुग्याऐवजी नाकातला स्प्रे नीट मारायला शिकवला. त्यांच्याकडे तो आधीपासून होता, पण मारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखायचे. औषध घशात उतरायचं आणि पडद्यातून रक्त यायचं. मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढायचं नाही. हा स्टेरॉइडचा स्प्रे पूर्ण लागू पडायला एक-दोन आठवडे घेतो, म्हणून कूलर काढायच्या पंधरा दिवस आधी सुरू करा. नाक चटकन उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे नकोत. त्यांची सवय लागली की थेंब बंद करताच नाक आणखी चोंदतं.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं फारच उपयोगी आहे. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं तसंच नको.

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा तापासोबत असह्य डोकेदुखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि या वर्षी खस बदलताना ती आधी पाण्यानं भिजवा, अंगणात नेऊन काढा, तोंडा-नाकाला ओला रुमाल बांधा. घरात ज्याला ॲलर्जी आहे त्याला मात्र त्या वेळी आत बसू द्या.

नमस्कार.