जुनी झडप जाते कुठे?

(दृश्य: कॅथ लॅबच्या पडद्यावर धडधडणारं हृदय)

१६ एप्रिल २००२. फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीवाटे, एका रुग्णाच्या महाधमनीच्या तोंडाशी नवी झडप बसवली. माणसावर असं पहिल्यांदाच होत होतं. आज याला टावी म्हणतात. बहुतेकदा जांघेतल्या धमनीतून नळी वर नेतात आणि घडी केलेली झडप जागेवर उघडतात. रुग्ण पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी चालू लागतो.

जाहिराती इथेच संपतात.

(दृश्य: सीटी स्कॅन)

टावीत जुनी झडप काढतच नाहीत. कॅल्शियम साठून कडक झालेल्या तिच्या पाकळ्या नवी झडप बाजूला रेटते. तिथून थोडं वर कोरोनरी धमन्यांची, म्हणजे खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची, तोंडं असतात. तोंड खाली, पाकळी लांब आणि जागा अरुंद असली, तर पाकळी तोंडावर बसून ते बंद करते. शंभरात एकालाही क्वचितच असं होतं. पण झालं, की रक्तदाब कोसळतो आणि हातात काही मिनिटंच उरतात.

म्हणून उपाय आधीच योजावा लागतो. सीटीवर तोंडाची उंची १०-१२ मिलिमीटरहून कमी आणि जागाही अरुंद दिसली, तर डॉक्टर अनेकदा त्या धमनीत आधीच वायर आणि न उघडलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) ठेवतात. अडथळा आला तर स्टेंट थोडा मागे ओढून उघडायचा, नाही आला तर काढून घ्यायचा. दुसरा उपाय ‘बॅसिलिका’, आणि तो धाडसाचा: वीजप्रवाह सोडलेल्या बारीक तारेनं जुनी पाकळी आधीच उभी चिरायची, म्हणजे मधल्या फटीतून रक्त जात राहतं.

नवी झडप निसटून महाधमनीत गेली तर? झडप ज्या वायरवरून आत नेली, ती वायर काढायची नाही. वायर आहे तोवर झडप उलटी फिरत नाही. तिला सुरक्षित जागी नेऊन ठेवतात आणि दुसरी बसवतात. वायरनं हृदयाला छिद्र पडून आवरणात रक्त साठलं, तर सुईनं उपसतात.

महाधमनीचं मूळ फाटलं, तर मात्र अनेकदा छाती उघडण्यावाचून इलाज नसतो. आणि कित्येक वृद्धांना टावी सुचवलेली असते तीच मुळी छाती उघडणं झेपणार नाही म्हणून. तशी वेळ आली तर उघडायची की नाही, हे रुग्ण आणि घरच्यांनी डॉक्टरांशी आदल्या भेटीतच बोलून ठेवायला हवं. टेबलावर ते विचारायला कुणालाच सवड नसते.