बोट आधी मोजा, मग ट्रेलर घ्या

(सांगलीत नदीकाठच्या गावांतल्या पूर-बचाव पथकांपुढे झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१च्या जुलैत ती पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेली. तेव्हापासून गावात बोटीचा विषय निघाला की मोटर किती घोड्यांची, माणसं किती बसतात, यावर तासभर चर्चा होते. ट्रेलरचं कुणी विचारलं तर उत्तर एकच, ‘‘ट्रॉली आहे की ट्रॅक्टरची!’’ पुराचे आठ-दहा दिवस सोडले तर बोट वर्षभर ज्याच्यावर बसून असते, त्याची ही किंमत.

सुरुवात वजनापासून करू. बोटीच्या कागदावरचं वजन बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याचं असतं. चाळीस घोड्यांची मोटर ७० ते १०० किलो भरते. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा. वर बॅटरी, नांगर, दोर, वल्ही, लाईफ जॅकेटं. ट्रेलरच्या प्लेटवर जे एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यात ट्रेलर स्वतःही आला. १००० किलोचा ट्रेलर स्वतः ३०० किलोचा असेल, तर बोटीला ७००च उरले, आणि त्यातलेही शंभरेक किलो मोकळे ठेवा. पुरातून परतलेल्या बोटीच्या तळाशी पाणी आणि गाळ असतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट ट्रेलरवर टेकते ती दोन लांब लाकडी पट्ट्यांवर किंवा रोलरवर. फायबरच्या बोटीला मी पट्ट्याच सांगेन, कारण भार लांबीभर वाटला जातो. रोलरवर बोट चढवायला सोपी, पण सगळा भार चार-सहा ठिपक्यांवर येतो. पट्टी कुठपर्यंत आहे ते वाकून बघा. मोटर टांगतो ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, पट्टीच्या टोकावर आलीच पाहिजे. ती वीतभर जरी मागे लोंबकळत राहिली, तर मोटरीचं वजन महिनोन्‌महिने तळाला खाली ओढत राहतं. तळाला बाक आला की बोट पाण्यात नाक खाली घालून पळते. मग मेकॅनिक मोटर खोलतो आणि मोटरीत काहीच सापडत नाही.

दुसरं, जोडावरचा भार. ट्रेलरचं नाक हुकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के दाबलं पाहिजे. बोटीसकट ट्रेलर ७०० किलो भरत असेल, तर ३५ ते ७० किलो. याला मोठा काटा नको, हळदीची पोती मोजायचा काटा पुरतो. ट्रेलर सपाटीवर उभा करायचा, नाक हुकाच्या उंचीवर धरून काट्यावर टेकवायचं. भार कमी असला तर मिरज रस्त्यावर वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त असला तर जीपचं बूड बसतं. इथं एक चूक सर्रास होते. भार जास्त दिसला की लोक बोटच मागे सरकवतात, आणि ट्रान्सम पट्टीच्या बाहेर जातो! बोट जागेवर ठेवा, एक्सल पुढे सरकवा. म्हणून घेतानाच बघा, एक्सल यू-बोल्टवर आहे की वेल्डिंग करून बसवलाय. ट्रॅक्टरचं हुक आणि जीपचं हुक एका उंचीवर नसतात, हेही लक्षात घ्या. मोजमाप ज्या गाडीनं ओढणार तिच्या उंचीवर करायचं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर रंगाला भुलू नका. गरम जस्तात बुडवून काढलेला सांगाडा घ्या. जस्त पाइपच्या आतही पोचतं, रंग पोचत नाही. चौकोनी पाइप असेल तर टोकं उघडी हवीत, नाहीतर गाळ आत बसून राहतो. आणि असं जस्त चढवून (गॅल्व्हनाइझ करून) आणल्यावर त्यावर वेल्डिंग करू नका. तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच धरतो.

बेअरिंगचं मात्र समजून घ्या. दहा-वीस किलोमीटर पळवून आणलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, गरम असतो. तो लगेच पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वर्षी ऐन पुरात चाक जाम. पाण्यात घालण्याआधी हबवर हात ठेवून बघा. चटका बसत असेल तर थांबा. तेवढ्यात दिव्यांची वायर सोडवून होते. ग्रीस पाण्यात न विरघळणारं, बोटीसाठीचं मागा.

बांधणीबद्दल थोडक्यात. पुढचा विंचचा पट्टा बोट वर ओढायला आहे, रस्त्यावर धरून ठेवायला नाही. नाकाला वेगळी साखळी आणि ट्रान्समला दोन पट्टे लागतातच. मोटर बोटीवरच वर कलवून नेत असाल तर ती वर धरून ठेवणाऱ्या टिल्ट लॉकवर विसंबू नका, खालून आधार लावा. आपल्याकडे स्पीड ब्रेकर किती आहेत ते मी सांगायला नको.

ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते. बनवून घ्यायच्या आधीच याची चौकशी करा.

शेवटी चाकं. बारकी चाकं स्वस्त दिसतात, पण तेवढ्याच वेगाला जास्त फेरे मारतात आणि बेअरिंग तापवतात. उभ्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, उन्हानं तडकतो. म्हणून बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. आणि मापाचा टायर तुमच्या गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळतो का, हे पैसे द्यायच्या आधी त्याला विचारून या.