निघालेलं ऑइल मोजा

श्रोतेहो, नमस्कार. स्कूटरचं इंजिन ऑइल घरच्या घरी कसं बदलायचं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. पाना कसा धरायचा, खाली जुने पेपर कसे अंथरायचे, हे तुम्हाला येतंच. मला सांगायची आहे ती एकच गोष्ट, आणि ती मी आज दोन-तीनदा सांगणार आहे. जुनं ऑइल काढलं की आधी ते मोजा. मोजल्याशिवाय नवं ओतू नका.

ही शिकवण माझ्या मामीची. मामी नागपूरच्या महाल भागात राहते, जेवणाचे डबे पोचवते. गाडी बंद पडली तर तीस घरची जेवणं अडतात, म्हणून ऑइलचं काम ती कुणावर सोडत नाही, वाड्याच्या अंगणात स्वतः करते.

तिच्या शेजारी निवृत्त झालेले एक काका आहेत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता. काकांनी ठरवलं, आपणही घरीच ऑइल बदलायचं. मोबाइलवर पाहिलं, पाना आणला, बाटली आणली, सकाळी उन्हाच्या आत काम उरकलं. दुसऱ्या दिवशी काकूंना मागे बसवून कोराडीला देवीच्या दर्शनाला गेले. परतताना गाडी ओढेना. मागून पांढरा धूर, आणि चाकाकडून किणकिण आवाज. वाड्यात गाडी शिरली तशी माणसं जमली. एक म्हणाला रिंग गेली, दुसरा म्हणाला पिस्टन. गाडी विकून टाका इथपर्यंत बोलणं गेलं.

मामी पोळ्या लाटत होती. हात पुसत बाहेर आली आणि तिनं एकच विचारलं, "भाऊजी, ऑइल निघालं किती होतं?"

काका म्हणाले, "थोडंसंच निघालं न वहिनी. वाटीभर असंन. मी म्हटलं, इंजिनानं सारं पिऊन टाकलं."

"अन् रंग?"

"रंग चांगला होता. मधासारखा."

"मंग ते इंजिनातलं नव्हतंच, भाऊजी. इतके महिने चाललेलं ऑइल काळं निघते."

श्रोतेहो, इथे नीट लक्ष द्या. स्कूटरला खाली दोन बोल्ट असतात. एक इंजिनाच्या बुडाशी, इंजिन ऑइलचा. दुसरा मागच्या चाकाजवळ, गिअर ऑइलचा. इंजिनात साधारण ६५० ते ८०० मिलिलिटर ऑइल असतं, गिअरच्या पेटीत जेमतेम १०० ते १२०. पुन्हा सांगतो, इंजिनात पाऊण लिटरच्या आसपास, गिअरमध्ये वाटीभर. काकांनी गिअरचा बोल्ट उघडला, वाटीभर ऑइल काढलं, आणि इंजिनाच्या तोंडातून नवं सगळं ओतलं. म्हणजे गिअरची पेटी कोरडी आणि इंजिनात जवळजवळ दुप्पट ऑइल.

मामीनं गाडी डबल स्टँडवर लावायला सांगितली, इंजिनाचा बोल्ट स्वतः उघडला. लिटरची पाण्याची बाटली भरली, वर पाव लिटरपेक्षा जास्त उरलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. पिस्टनबद्दल मग कुणी बोललं नाही. जास्त झालेलं ऑइल आत घुसळलं जातं, त्याला फेस येतो, ते हवेच्या नळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात चढतं आणि तिथून जळायला जातं. धूर त्याचा होता. फिल्टर बदलला, इंजिनात मापाचं ऑइल भरलं, गिअरमध्येही भरलं. धूर दुसऱ्या दिवशी थांबला. गिअरचा आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. कोराडीपर्यंत कोरडे फिरलेले दाते पहिल्यासारखे कसे होणार? काकांनी ऑइल काढताना बाटलीत मोजलं असतं, तर वाटीभर पाहून तिथेच हात थांबला असता.

गाडी डबल स्टँडवरच का, तेही सांगतो. गाडी कलती असली की ऑइल एका बाजूला जातं, ऑइलची पातळी पाहायच्या काडीवरची खूण खोटी दिसते.

आता थोडक्यात रीत. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, तापवू नका. गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर. इंजिनाचाच बोल्ट आहे ना, पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहा. थेंब थांबेपर्यंत निथळू द्या. मग मोजा. बोल्टाचा वॉशर नवा घाला, आणि बोल्ट आवळताना जोर लावू नका. इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमची असते, आटे गेले की खर्च मोठा. पुस्तिकेत लिहिलंय तेवढं ऑइल भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटांनी काडी पाहा. बहुतेक स्कूटरींमध्ये काडी पाहताना आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची असते.

ऑइल कोणतं? नागपूरचा उन्हाळा म्हणून जाड ऑइल टाका, असं सांगणारे खूप भेटतात. ऐकू नका. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० हा जाडपणा दिला असेल तर तेच. बाटलीवर एमए किंवा एमबी लिहिलेलं असतं, तेही वाचा. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला एमए लागतं. आपल्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून बहुतेक स्कूटरींना एमबी. गाडीची फ्री सर्व्हिस संपलेली नसेल तर मात्र घरी हात लावू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो.

आणि मोजून झालेलं जुनं ऑइल? ते नालीत ओतू नका, हे मी हात जोडून सांगतो. महालातली नाली नाग नदीला मिळते, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याच्या बांधापर्यंत आपलं काळं ऑइल पोचवायचा आपल्याला काय हक्क? वापरलेलं ऑइल केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यातच धरलेलं आहे. नव्या ऑइलच्या रिकाम्या बाटलीत ते भरा, झाकण घट्ट लावा आणि जिथे जुन्या ऑइलचा ड्रम ठेवतात अशा गॅरेजमध्ये नेऊन द्या. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. मामी चार-पाच बाटल्या साठल्या की डबे पोचवायच्या फेरीतच देऊन येते. नमस्कार.