गडावरचे पाणी

श्रोतेहो, बडोद्याच्या मराठी माणसाला गड चढण्याची हुक्की आली की तो सहसा पावागड गाठतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण दुधिया आणि तेलिया या तलावांच्या काठी आपण फोटो काढतो आणि लगेच मंदिराच्या पायऱ्यांकडे वळतो. १४८४ मध्ये हा गड महमूद बेगड्याच्या हाती पडला तो प्रदीर्घ वेढ्यानंतर. तोवर वरची माणसे कशाच्या बळावर तगली असतील, हा प्रश्न त्या काठावर उभे राहूनही आपल्याला पडत नाही. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, स्पष्ट सांगितले आहे की आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. आणि पाणी नसतानाही ती जागा घेणे भागच असेल, तर खडक फोडून तळी आणि टाकी करावीत. गडावर झरा असला तरी त्यावर निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असेही त्यात म्हटले आहे. तोफेने झरा आटतो की नाही हे भूशास्त्रज्ञांनी ठरवावे. मला त्या वाक्यामागची धास्ती अगदी खरी वाटते.

सह्याद्रीचा खडक लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला आहे. पावसाचे पाणी भेगांतून आत उतरते आणि अनेकदा दोन थरांच्या सांध्यातून पाझरत बाहेर येते. असे सांधे हेरणारी नजर टाकी खोदणाऱ्यांपाशी होती. कातळाच्या पोटात शिरून, छत पेलायला मध्ये दगडाचेच खांब राखून जे खांबटाके खोदले जाते, त्यातल्या पाण्याला थेट ऊन लागत नाही, आणि म्हणून उघडी तळी आटली तरी ते टिकून राहते.

हे पाहायला मी तुम्हाला साल्हेर सुचवेन, कारण सापुताऱ्याकडून डांग ओलांडला की आपल्याला नाशिक जिल्ह्यातले बागलाण जवळच पडते. १५६७ मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्याच परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवले, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचाही समावेश झाला. वाघांबे गावातून निघालात तर साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोहोचता. पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजे ओलांडत माथ्याकडे गेले की टाकी, गुहा आणि गंगासागर तलाव लागतो. परशुरामाचे मंदिर त्याहून वर, अगदी शिखरावर आहे. बहुतेक मंडळी धापा टाकत तिकडेच धावतात. मी मात्र आधी तलावाला एक फेरी मारतो.

गुहेत मुक्काम करणार असाल तर पिण्याचे पाणी खालून न्या आणि गंगासागरात साबण लावून भांडी घासू नका. ते पाणी पुढच्या मृगापर्यंत पुरवायचे असते.