काखेत उमटलेला फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवर काढलेला फोटो जुन्या झटपट फोटोसारखा कसा करायचा, हे मी आज सांगणार आहे. झटपट फोटो म्हणजे ज्याला आपण सरसकट पोलरॉइड म्हणतो तो. पांढरी चौकट, खालची पट्टी जरा जास्त रुंद आणि आत मऊ रंगांचा चौकोनी फोटो. हळदीच्या मांडवात, बारशाला दोरीवर चिमट्यांनी टांगलेले असे फोटो तुम्ही हल्ली पाहिले असतील. करायला अवघड नाही. पण बरेचदा ते फसतं. का फसतं, ते मला आजीच्या एका फोटोमुळे कळलं. म्हणून आधी त्या फोटोबद्दल सांगते.

साल १९८९. मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव कंधारकडचं. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळा बाजार त्या माळावर उतरतो. रात्रभर बैलगाडीत बसून आम्ही पहाटे तिथं पोचलो होतो. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्या वर्षी आबा यात्रेला नुसते देवाला आले नव्हते. सोन्याला विकायला आले होते.

सोन्या आमचा लाल कंधारी बैल. ज्यांनी लाल कंधारी जवळून पाहिलाय त्यांना तो रंग सांगायला नको. गडद तांबडा. उन्हात उभा राहिला की अंगावर तेल चोळल्यासारखा चमकतो. आता गावोगाव ट्रॅक्टर आलेत, बैलजोडी सांभाळणं परवडत नाही, हे मला कळतं. पण आपल्या मातीतलं हे जनावर टिकवायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं. ज्याच्या गोठ्यात आज एक तरी लाल कंधारी आहे, त्याला मी या माइकवरून हात जोडते.

तर, गिऱ्हाईक ठरलं होतं. दुपारपर्यंत सोन्या जाणार होता. आजी सकाळपासून गप्प होती. देवळात जाऊन आली, भंडारा उधळून आली, कपाळ पिवळं, हात पिवळे. येताना तिला बाजाराच्या तोंडाशी एक पोरगा दिसला. गळ्यात मोठा चौकोनी कॅमेरा, शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'एक मिनिटात फोटो'. आजी आबांना म्हणाली, "सोन्यासंगं एक फोटू काढू."

आबा म्हणाले, "नांदेडहून बोलावून काढू की कुणाला तरी."

"तवर सोन्या कुठं असंल?"

आबांकडं याला उत्तर नव्हतं. त्या काळी गावाकडं फोटो काढायचा म्हणजे छत्तीस फोटोंचा रोल संपायची वाट बघायची, मग तो शहरात धुवायला जायचा. पंधरा दिवस, कधी महिना. आणि आमच्याकडं दुपारपर्यंतचाच वेळ होता.

पोरग्यानं तीस रुपये सांगितले. दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त. आजीनं काही घासाघीस केली नाही. कनवटीची गाठ सोडली आणि पैसे मोजून दिले. आबा एका बाजूला, आजी एका बाजूला, मधे सोन्या. पोरगा जरा जास्तच जवळ उभा राहिला. चौकोनात दोन माणसं आणि एक बैल बसतात होय? सोन्याचं एक शिंग चौकटीबाहेर गेलं ते गेलंच. फ्लॅश उडाला, सोन्यानं मान झटकली, कॅमेरा घुर्रर्र वाजला आणि पुढून एक पांढरा तुकडा बाहेर आला. वर काहीच नाही. नुसता हिरवट राखाडी चौकोन.

आजी त्या पोरग्यावर उखडली. "पैसे घेतलास अन् कोरा कागद देलास?"

तो हैदराबादकडचा असावा. म्हणाला, "अम्मा, हिलाव नक्को. ठंड है. बगल में दबाव."

आजीनं तो तुकडा घोंगडीच्या आत, काखेत धरला. आम्ही सगळे तिच्याकडं बघत उभे. आबांच्या हातात कासरा, पलीकडं गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी बोटांवर आकडे मोजत होते, शंभराच्या पुढं मला तेव्हा नीट मोजता यायचं नाही, म्हणून परत एकपासून सुरू करायचे. बऱ्याच वेळानं आजीनं काखेतून तो काढला. आधी आबांचा फेटा दिसायला लागला. मग सोन्याची पाठ, पुसट. मग कपाळावरचा भंडारा. आणि सगळ्यांत शेवटी आजीचे डोळे. ती म्हणाली, "अगं माय!" एवढंच. दुपारी सोन्या गेला. परतीच्या वाटेवर आजी त्या फोटोवर हात ठेवून बसली होती.

श्रोतेहो, त्या पोरग्यानं जे सांगितलं ते अगदी बरोबर होतं. झटपट फोटोच्या खालच्या रुंद पट्टीत औषधाची एक चपटी पुडी असते. कॅमेऱ्यातून बाहेर येताना फोटो दोन रुळांमधून जातो, पुडी फुटते आणि ते औषध सगळीकडं पसरतं. म्हणून खालची पट्टी रुंद. ती शोभेची नाही, ती औषधाची जागा आहे. आणि हे औषध थंडीत धड काम करत नाही. फोटो फिकट, निळसर येतो. म्हणून ऊब द्यायची, काखेत नाहीतर आतल्या खिशात. उलट कडक उन्हात फोटो पिवळा, तांबूस होतो. आजही पोलरॉइड कंपनी सांगते, १३ ते २८ अंशांत वापरा. आपल्याकडं मे महिन्यात ४२ अंश असतं, तेव्हा मराठवाड्यातला उन्हाळ्याचा झटपट फोटो तांबूसच निघणार. आणि तो झटकायचा नसतो. जुन्या प्रकारचे फोटो ओले असायचे, वाळवावे लागायचे, तिथून ती झटकायची सवय आली.

हा शोध लावला अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी. १९४३ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, फोटो आत्ताच का बघता येत नाही? त्या प्रश्नामागं ते लागले. १९४७ मध्ये त्यांनी तो करून दाखवला, आणि पहिला कॅमेरा बॉस्टनच्या एका दुकानात विकायला आला नोव्हेंबर १९४८ मध्ये. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी. मला ही जोडी लक्षात ठेवायला आवडते. आजीनं काढला तसा, आपोआप उमटणारा चौकोनी फोटो आला १९७२ मध्ये. २००८ मध्ये कंपनीनं ही फिल्म बंद केली. मग काही हौशी माणसांनी नेदरलँड्समधला तिचा कारखाना वाचवला आणि २०१० पासून फिल्म पुन्हा मिळायला लागली. मिळते, पण एका पाकिटात आठच फोटो, आणि महाग.

म्हणून मोबाइल. माझी भाची नांदेडला असते. तिच्या हळदीला तिला असे फोटो टांगायचे होते. तिनं एका ॲपमधून करून आणले. त्यावर ओरखडे, तपकिरी डाग, कोपऱ्यात खोटी तारीख. मी चित्रकला शिकवते, मला ते बघवेना. मी ट्रंकेतून आजीचा फोटो काढला आणि तिला खिडकीशी नेलं. म्हटलं, यात ओरखडा दाखव. एकही नव्हता. डाग होता, एकच. पांढऱ्या चौकटीवर खाली डाव्या कोपऱ्यात पिवळा अंगठा. आजीच्या भंडाऱ्याचा. भाची त्यावर आपला अंगठा ठेवून बघत राहिली.

मग आम्ही रंग बघितले. सोन्याचे खूर काळे होते ना? फोटोत काळे नाहीत. आपली काळी माती ओली असते तेव्हा कशी दिसते आणि वाळल्यावर कशी राखाडी पडते, आठवा. खूर वाळलेल्या मातीचे आहेत. आबांचं धोतर पांढरंशुभ्र होतं, आजी नीळ घालायची. फोटोत ते सायीच्या रंगाचं आहे. आणि सोन्याचा तांबडा गेरूवर आलाय. बस, एवढंच आहे सगळं. काळं वाळलेल्या मातीसारखं, पांढरं सायीसारखं. पुन्हा सांगते, काळं वाळलेल्या मातीसारखं, पांढरं सायीसारखं.

हे मोबाइलमध्ये कसं करायचं? फोटो सुधारायच्या बहुतेक ॲपमध्ये कर्व्हज म्हणून एक सोय असते. एक तिरकी रेघ दिसते, डावीकडून खालून उजवीकडं वर गेलेली. तिचं डावीकडचं खालचं टोक थोडं वर ओढा, काळं वाळेल. उजवीकडचं वरचं टोक थोडं खाली आणा, पांढऱ्यावर साय येईल. तिथंच निळ्या रंगाची वेगळी रेघ निवडता येते. तिलाही तसंच करा, डावं टोक किंचित वर, उजवं किंचित खाली. सावलीत निळसर झाक आणि उजेडात पिवळसर झाक येते. किंचित म्हणजे खरंच किंचित, वरणात हिंग घालतो तेवढं. नंतर रंगांचा भडकपणा कमी करा आणि मोबाइल जी धार फोटोला देतो ती कमी करा. ॲपमधला दाणा, म्हणजे ग्रेन, टाकू नका. या फोटोत रंग एका थरातून दुसऱ्या थरात झिरपून उमटतो, त्यामुळे तो मऊ असतो, दाणेदार नसतो.

फोटो काढतानाच थोडी काळजी घेतलीत तर निम्मं काम होतं. संध्याकाळी, चार-पाच फुटांवरून, फ्लॅश लावून समोरून काढा. चेहरा उजळतो, मागचं अंधारात जातं. जुन्या कॅमेऱ्यांचा तो खास चेहरा आहे.

आणि एक विनंती. ॲपमध्ये चेहरा गोरा करायचं बटण असतं, त्याला हात लावू नका. लग्नाच्या अल्बममध्ये आपल्या सावळ्या मुली पिठात बुडवल्यासारख्या दिसतात, मला त्याचा राग येतो. पुढं नातवंडांनी आजीचा रंग विचारला तर फोटोनं खरं सांगायला नको का? आजीच्या त्या फोटोत आजी सावळी आहे आणि सुरेख दिसते.

आता चौकट. जुन्या चौकोनी फोटोचं माप लिहून घ्या. बाहेरून रुंदी ८८ मिलिमीटर, उंची १०७ मिलिमीटर. आतला फोटो ७९ बाय ७९. पुन्हा, बाहेरून ८८ बाय १०७, आत ७९ चा चौकोन. बाजूला साडेचार-साडेचार मिलिमीटर पांढरं राहतं, वर थोडं, आणि उरलेलं सगळं खाली. चौकटीचा पांढराही शुभ्र नको, सायीकडचा. हे माप स्टुडिओतल्या नेहमीच्या चार बाय सहा इंची कागदावर बसतं, कडा कटरनं कापून घ्यायच्या.

इथं आमची एक फसगत झाली. स्टुडिओवाल्याकडून फोटो आणले तर काळं पुन्हा काळंकुट्ट, पांढरं पुन्हा शुभ्र. आमची सगळी मेहनत पाण्यात. त्यांचं मशीन प्रत्येक फोटो आपणहून सुधारतं, आणि आम्ही ते आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, दादा, करेक्शन बंद करून काढा. मग जसे केले तसे आले. तुम्हीही जाल तेव्हा हे आधी सांगा. करेक्शन बंद.

खालच्या पट्टीवर हातानं लिहा. भाचीनं लिहिलं, 'हळद, नांदेड', आणि खाली साल. मागच्या बाजूला फोटोतल्या माणसांची नावं. नावं जरूर लिहा, घराघरांत अशा कितीतरी फोटोंच्या पेट्या आहेत ज्यातली माणसं कोण हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. पक्क्या शाईचं बारीक मार्कर पेन घ्या. आणि चकचकीत कागदावरची शाई लगेच वाळत नाही. लिहून झाल्यावर फोटो एकमेकांवर न ठेवता अर्धा तास पंख्यापासून लांब, जमिनीवर वेगवेगळे पसरून ठेवा. मगच दोरी बांधा आणि चिमटे लावा.

नमस्कार.