पंधरा वेळा सिंहगड

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, पहाटे पावणेपाच वाजता, सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या वाहनतळावर एक बाई बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत आहेत. डोक्याला विजेरीचा पट्टा, अंगात जुना स्वेटर आणि हातात बांबूची काठी, एवढाच त्यांचा सरंजाम आहे. पाठीवर पिनांनी टाचलेला जो पांढरा कापडी चौकोन दिसतो, त्यावर देणगी पाठवण्यासाठीचा क्यूआर कोड छापलेला आहे. मागून चढणारा माणूस दम खायला थांबला की त्याला तो सहज टिपता येईल, म्हणून तो पाठीवर लावावा, ही सूचना बाईंच्या सातवीतल्या एका विद्यार्थ्याची.

दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत या शिकवतात. गावात त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणतात, आणि या माहितीपटाच्या निवेदनातही आपण तेच नाव ठेवू. त्यांचे वय ५१ आहे आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत त्यांनी सिंहगड सहलीपुरताच पाहिला होता.

आतकरवाडीपासून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत ही पायवाट सुमारे ६०० मीटर उंची चढते. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली संयुक्तपणे जाहीर केलेली एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर आहे. भागाकार केला तर उत्तर पंधराच्या जरासे अलीकडे येते, आणि बाईंनी ते सरळ पंधरा धरले. एकाच चढावर वरखाली करून एव्हरेस्टएवढी चढाई पुरी करण्याच्या या प्रकाराला जगभर ‘एव्हरेस्टिंग’ म्हणतात. त्याचे नियम कडक आहेत. मध्ये झोप न घेता सगळी चढाई एका दमात पुरी करावी लागते. बाईंनी ते नियम नीट वाचले आणि बाजूला ठेवले. रात्रभर गडाच्या वाटेवर चालायचे नाही, पहाटे निघून रोज पाच फेऱ्या करायच्या आणि तीन दिवसांत काम संपवायचे, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे त्यांना कोणतेही प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि खऱ्या गिर्यारोहकांना एव्हरेस्टचे नाव घेतलेलेही कदाचित रुचणार नाही. पण देणगी मागताना ‘पंधरा वेळा सिंहगड’ म्हटले की पुण्यातला माणूस चटकन हिशेब करतो, कारण एका वेळेला काय लागते हे त्याच्या गुडघ्यांना ठाऊक असते.

तयारी जुलैत सुरू झाली. आठवडाभर सिंहगडाला येणे शक्य नव्हते, म्हणून शाळा सुटल्यावर बाई यवतहून भुलेश्वरच्या घाटाने चालत वर जात. ही दृश्ये ऑगस्टमधली आहेत. घाट धुक्यात आहे, रस्त्याच्या कडेने पाणी वाहते आहे, आणि छत्री वाऱ्याने उलटी झाली तरी बाई ती मिटत नाहीत. सप्टेंबरात पाठीवर पाच किलोची पिशवी आली, ऑक्टोबरात एका रविवारी सिंहगडाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तीन. चढाने दम लागतो, पण पाय मोडतो तो उतार, हे त्या तीन फेऱ्यांनी शिकवले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतात, आणि त्याची वसुली त्याच दिवशी न होता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. म्हणून पुढचा दीड महिना बाईंनी चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक केला. पावले आखूड टाकायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, मुरमाच्या घसाऱ्यावर टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा आणि काठी आधी खाली टेकवून मग पाऊल टाकायचे, असा तो क्रम होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पाहण्यासाठी आता गड सोडून उसाच्या फडात जायला हवे.

ही पहाट डिसेंबरातली आहे. नदीकाठच्या मोकळ्या रानात उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू होताना बीड, जालना, परभणी आणि अहिल्यानगरच्या पाथर्डीकडून मजुरांच्या टोळ्या अशा तळांवर उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे मधूनच परत जाणे बहुतेकांच्या हातात नसते. या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे मोजण्यासाठी अवजाराचे नाव वापरले जाते, याचे तळावर कोणालाही नवल वाटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. तो कमावण्यासाठी हे कोयते अंधारात चुलीवरची भाकरी फडक्यात बांधून फडाकडे निघतात. त्यांच्या मागे कोपीत उरतात ती मुले.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि तो जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला वयानुरूप वर्गात बसवावे, अशी व्यवस्थाही आहे. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात, आणि २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. असे असूनही तळावर मुले आहेत, ती आपल्याला दिसत आहेत, आणि बाईंच्या वर्गात त्यांच्यासाठी बाक रिकामे आहेत. बाईंचे म्हणणे इतकेच आहे की कायदा शाळेच्या दारापर्यंत पोहोचला, पण तळापासून दारापर्यंतचे चार किलोमीटर कोणाच्याच हिशेबात धरलेले नाहीत. त्या चार किलोमीटरांत उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्यांची वाहतूक आहे, एक कालवा आहे आणि सात वर्षांच्या मुलाचा हात धरायला कोणी नाही. बाईंना त्या वाटेवर एक रिक्षा हवी होती, सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी.

पहिल्या दिवशीच्या पाच फेऱ्या फारसा त्रास न होता झाल्या. सूर्य उगवला तेव्हा बाई दुसऱ्या चढाच्या मध्यावर होत्या, आणि खडकवासल्याचे पाणी आधी करडे, मग तांबूस, मग एकदम पांढरे होत गेलेले या दृश्यात दिसते. पुणे दरवाजाच्या एकामागून एक तीन कमानी ओलांडायच्या, आतल्या भिंतीला हात लावायचा आणि मागे फिरायचे, असा त्यांचा नेम होता. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत त्या फक्त पहिल्या फेरीला गेल्या.

वाटेत अर्ध्यावर ताक विकणाऱ्या एका मावशींचा आडोसा आहे. बाईंची कथा ऐकल्यापासून त्यांनी आडोशाच्या बांबूवर चुन्याच्या बोटाने एकेक रेघ ओढायला सुरुवात केली.

“मावशी, ताक द्या, मीठ जरा जास्त टाका.”

“घ्या, पण उभ्यानंच प्या. आता बसलात तर पाय धरतील.”

ताकाचे पैसे मावशींनी घेतले. देणगी मात्र वेगळी दिली, ती क्यूआर कोडवर न देता दहा-दहाच्या नोटांत, आणि पावती मागून घेतली. पावत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाच्या आहेत, आणि सगळा पैसा समितीच्याच खात्यात जाईल, ही अट बाईंनी पहिल्या दिवसापासून घातली होती.

दुसरा दिवस अवघड गेला. आठव्या फेरीला उजव्या पोटरीत गोळा आला, आणि गडाच्या शेवटच्या खड्या टप्प्यावर बाई एका धोंड्यावर हात टेकून बराच वेळ उभ्या राहिलेल्या आपल्याला दिसतात. जवळून पाहिले तर त्यांच्या मुठीतून गूळ आणि शेंगदाणे धोंड्यावर सांडलेले आहेत, आणि मुंग्या त्यांच्याकडे निघाल्या आहेत. बाजूने जाणारा महाविद्यालयीन मुलांचा एक घोळका थांबला. त्यांतल्या एकाने बाईंची पिशवी घेतली, दुसऱ्याने पाठीवरचा कोड टिपला, आणि मग तो घोळका घोषणा देत त्यांच्यासोबत वरपर्यंत गेला. नववी आणि दहावी फेरी बाईंनी जवळजवळ आडव्या चालीने उतरली, एकेक पाऊल वळवून, काठी दोन्ही हातांत धरून.

रविवारी गडावर मुंगीलाही वाट मिळू नये अशी गर्दी होती. भजीच्या कढया, मडक्यातले दही, फोटोसाठी थांबलेली कुटुंबे आणि त्यांच्यामधून काठी टेकत जाणारा तो पांढरा चौकोन. बांबूवर आता जागा उरली नव्हती, म्हणून मावशींनी शेवटच्या दोन रेघा शेजारच्या दगडावर ओढल्या. पंधराव्या फेरीला दुपारचे साडेचार वाजले होते. पुढचे दृश्य निवेदनाशिवाय पाहावे.

जमलेल्या रकमेतून हंगाम संपेपर्यंतचे रिक्षाचे भाडे भागले आणि उरलेल्या पैशांतून तळावरच्या कोप्यांसाठी सौर दिवे घेतले गेले.

सोमवारी सकाळी बाई नेहमीच्या वेळेला शाळेत आल्या. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या त्या खांब धरून चढल्या, आणि ते पाहून चौथीचा वर्ग तोंडावर हात धरून हसला. नऊच्या सुमाराला तळावर रिक्षा पोहोचली. मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत असे ठरले असल्यामुळे आपल्याला फक्त पाय, दप्तरे आणि रिक्षाचा दांडा धरलेले हात दिसतात. सगळ्यांत शेवटी एक दहा वर्षांची मुलगी येते. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ आहे, कारण कोपीत त्याला सांभाळायला दुसरे कोणी नाही. रिक्षावाले काका क्षणभर तिच्याकडे पाहतात, मग आपल्या शेजारची पाण्याची कळशी उचलून पायांशी ठेवतात आणि त्या दोघांना पुढे बसवून घेतात.