किती, कुणी आणि कधीपर्यंत: न्यायाधीश फ्रँक जॉन्सन

[दृश्य: अलाबामा राज्य, माँटगोमेरी. कृष्णधवल छायाचित्रं. शहर बस, मागे उभे प्रवासी, पुढच्या बाकांवर मोकळ्या जागा.]

मे १९५६. माँटगोमेरीच्या संघराज्य न्यायालयात तीन न्यायाधीशांसमोर एक दावा चालला. बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचं, हा कायदा घटनेत बसतो का, एवढाच प्रश्न. सुनावणी संपली, तिघं आतल्या खोलीत गेले. तिथला रिवाज असा, की सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशानं आधी मत द्यायचं. ज्येष्ठांचं मत आधी ऐकलं की कनिष्ठाला वेगळं बोलणं अवघड जातं, म्हणून.

कनिष्ठ होते फ्रँक एम. जॉन्सन. वय ३७. नेमणूक होऊन काही महिनेच झालेले. त्यांनी सांगितलं, हा कायदा घटनाबाह्य आहे. रिचर्ड राइव्हज त्यांच्या बाजूनं आले, तिसरे न्यायाधीश विरोधात गेले. ५ जूनला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये काळ्या प्रवाशांनी वर्षभर चालवलेला बस बहिष्कार संपला.

बसमधली जागा सोडायला नकार दिल्यानं रोझा पार्क्स यांना अटक झाली होती आणि त्यातूनच बहिष्कार सुरू झाला. पण या दाव्यात त्या वादी नव्हत्या, ही गोष्ट बऱ्याचदा निसटते. त्यांचा खटला राज्याच्या न्यायालयात होता आणि तिथे तो अपिलांत अडकून पडण्याची भीती होती. म्हणून वकिलांनी संघराज्य न्यायालयात वेगळा दावा लावला आणि त्यात चार जणींना वादी केलं: ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, सूझी मॅकडोनाल्ड आणि मेरी लुईस स्मिथ.

[दृश्य: उत्तर अलाबामातल्या टेकड्या. विन्स्टन काउंटीचा नकाशा.]

जॉन्सन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ चा, विन्स्टन काउंटीतल्या हेलीव्हिलचा. हा डोंगराळ भाग. १८६१ मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं, तेव्हा इथल्या लोकांनी त्याला विरोध केला होता. सगळं राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचं असताना इथे रिपब्लिकन पक्ष टिकून राहिला. पुढे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जॉन्सन यांची नेमणूक केली, त्यामागे हा धागा आहे.

१९४३ मध्ये अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ते सैन्यात गेले. याच विद्यापीठात जॉर्ज वॉलेस त्यांच्याबरोबर शिकत होते. वॉलेस पुढे राज्याचे गव्हर्नर झाले आणि जॉन्सन यांचे सर्वांत बोलके विरोधक.

पायदळाचे अधिकारी म्हणून जॉन्सन नॉर्मंडीत लढले, दोनदा जखमी झाले, त्यांना ब्रॉन्झ स्टार हे लष्करी पदक मिळालं. जखमांमुळे आघाडी सुटली आणि सैन्यातच त्यांना वकिलीचं काम मिळालं. त्यातलं एक प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या लिचफिल्ड इथल्या लष्करी कैदखान्यात अमेरिकी सैनिकांनाच बेदम मारलं जात होतं. खटले आधी भरले ते पहारेकऱ्यांवर, म्हणजे साध्या शिपायांवर. जॉन्सन या शिपायांचे बचाव वकील होते. बचावाचा मुद्दा असा, की मारहाण वरून आलेल्या हुकमानं होत होती, तेव्हा जाब हुकूम देणाऱ्याला विचारा. अखेर छावणीच्या प्रमुख कर्नललाही आरोपीच्या पिंजऱ्यात यावं लागलं. तो दोषी ठरला. शिक्षा मात्र ५०० डॉलर दंड आणि ताकीद.

न्यायाधीश झाल्यावरच्या जॉन्सन यांच्या हुकूमनाम्यांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो: या संस्थेत जे घडतंय त्याला वरचा कोण जबाबदार, आणि त्यानं नेमकं काय करायचं?

[दृश्य: मतदार नोंदणीची जुनी वही, अर्जांचे गठ्ठे.]

मतदार नोंदणीचं उदाहरण घ्या. कागदावर नियम सर्वांना एकच. प्रत्यक्षात गोऱ्या अर्जदाराच्या चुका माफ होत, शिक्षित काळ्या अर्जदाराचा अर्ज किरकोळ चुकीवरून फेटाळला जाई. नुसतं ‘भेदभाव करू नका’ म्हणून काही बदलत नाही, कारण नोंदणी अधिकारी लगेच परीक्षा सर्वांसाठी कडक करतात. गोरे आधीच यादीत असतात, नव्या कडक परीक्षेत अडकतात ते काळेच. जॉन्सन यांनी १९६१ मध्ये मेकन काउंटीच्या दाव्यात ही पळवाट बुजवली. आजवर नोंदले गेलेल्या गोऱ्यांपैकी सर्वांत कमी पात्रतेच्या माणसाला जी फूटपट्टी लावली, तीच काळ्या अर्जदाराला लावायची. शिवाय कोर्टाला नियमित अहवाल द्यायचा.

याआधी १९५८ च्या अखेरीस संघराज्याच्या नागरी हक्क आयोगानं नोंदणीची कागदपत्रं मागितली आणि पुढे जॉन्सन यांनी ती दाखवायचा हुकूम दिला, तेव्हा वॉलेस स्वतः राज्याचे न्यायाधीश होते. ‘देणार नाही’ असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि तुरुंगात जायची तयारी दाखवली. आतून मात्र ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे आरोप तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, हातून कागद तपासनीसांपर्यंत पोचवले. जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून सोडलं आणि निकालात कारण लिहिलं: यांनी हुकूम पाळलेला आहे. राजकीय हुतात्मा होण्याची संधी एका वाक्यात गेली.

सगळेच निकाल पुढे टिकले असं नाही. टस्कीगी शहराची हद्द २८ बाजूंची करून जवळजवळ सगळे काळे मतदार शहराबाहेर ढकलले गेले, तेव्हा जॉन्सन यांनी दावा फेटाळला होता. हद्द ठरवण्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असं त्यांनी जुन्या निवाड्यांवरून ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये तो निकाल एकमतानं फिरवला.

[दृश्य: सेल्मा, एडमंड पेटस पूल. ७ मार्च १९६५.]

पुलावर पोलिसांनी काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चेकऱ्यांना लाठ्या आणि अश्रुधुरानं पिटाळलं. दुसऱ्याच दिवशी दावा दाखल झाला. सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नका, असा हुकूम जॉन्सन यांनी दिला, त्यावरून मोर्चेकऱ्यांची नाराजीही ओढवली. ११ मार्चला सुनावणी सुरू झाली. पुलावरच्या हल्ल्याची टीव्हीची फिल्म कोर्टात दाखवली गेली.

निकाल १७ मार्चला आला. हमरस्त्यानं मोर्चा काढण्याचा हक्क किती मोठा मानायचा? ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे, तो अन्याय जितका मोठा तितका, असं जॉन्सन यांनी ठरवलं. त्या काळी हे फार पुढचं पाऊल होतं आणि कायद्याच्या अभ्यासकांनी त्यावर टीकाही केली. पण परवानगी मोघम नव्हती. मोर्चेकऱ्यांकडून त्यांनी लेखी योजना मागवली आणि तीच हुकमात घेतली. १९ ते २२ मार्चच्या दरम्यान निघायचं. महामार्ग ८० जिथे दोनच पदरी आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत. मुक्काम शेतात, जमीनमालकाच्या परवानगीनं. जेवण, पाणी, ट्रकवरची शौचालयं, कचरा उचलणं, प्रथमोपचार, सगळं लिहिलेलं. गव्हर्नर वॉलेस यांच्यावर संरक्षणाची जबाबदारी टाकली. त्यांनी ती झटकल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्याचं नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैन्य, ताब्यात घेतलं. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ तारखेला माँटगोमेरीत पोचला.

[दृश्य: टस्कलूसा. ब्राइस मनोरुग्णालयाची लांबलचक पांढरी इमारत.]

आमच्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम मात्र इथलं आहे. १९७० मध्ये पैशांअभावी ब्राइसमधले कर्मचारी कमी केले गेले आणि त्यातून ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ हा दावा उभा राहिला. कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा प्रश्न मागे पडला, रुग्णांचा पुढे आला. सुमारे ५,००० रुग्ण, आणि मानसोपचाराचं थोडंफार शिक्षण असलेले डॉक्टर तीन.

मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी तत्त्व मांडलं: माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारासाठी डांबलं असेल, तर उपचार मिळणं हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. सुधारणा करायला राज्याला सहा महिने दिले. मुदत संपली तरी पुरेसं काही झालं नव्हतं. राज्याचा हेतू वाईट होता असंही नाही. ‘योग्य उपचार’ म्हणजे किती, हे कुणीच आकड्यांत लिहिलं नव्हतं, त्यामुळे पाळलं की मोडलं हे ठरवताच येत नव्हतं.

मग तज्ज्ञ बोलावले. दोन्ही बाजूंच्या वकिलांना आणि तज्ज्ञ संघटनांना एकत्र बसवून निकष काढायला लावले. बऱ्याच अटींना राज्याच्या वकिलांनी तिथेच संमती दिली, त्यामुळे नंतर ‘हे अशक्य आहे’ म्हणायला जागा उरली नाही. १३ एप्रिल १९७२ च्या हुकमात ते निकष आले. सामायिक खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकाला ८० चौरस फूट जागा. आठ जणांमागे एक शौचालय, सहा जणांमागे एक बेसिन, पंधरा जणांमागे एक न्हाणी. खोलीचं तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट. नळाला ११० अंशांचं गरम पाणी. दर २५० रुग्णांमागे दोन मानसोपचारतज्ज्ञ, चार इतर डॉक्टर, बारा परिचारिका. दाखल झाल्यापासून ४८ तासांत तपासणी, पाच दिवसांत प्रत्येकाची स्वतंत्र उपचार योजना. देखरेखीला मानवी हक्क समिती. आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही.

बौद्धिक अपंगांच्या पार्टलो संस्थेची अवस्था इतकी भयंकर निघाली, की पूर्ण निकालाची वाट न पाहता ३० दिवसांत ३०० मदतनीस नेमा, नोकरभरतीचे नियम आड येऊ देऊ नका, असा तातडीचा हुकूम निघाला.

रुग्णसंख्या झपाट्यानं कमी झाली. त्यात एक दुखरी बाजूही आहे: रुग्णालयाबाहेर सोय तयार होण्याआधीच अनेकांना घरी पाठवलं गेलं. हुकूम चार भिंतींच्या आतला होता, बाहेरची व्यवस्था उभी करायला राज्याला फार वेळ लागला.

[दृश्य: तुरुंगाची लोखंडी दारं.]

जानेवारी १९७६ मध्ये हीच पद्धत तुरुंगांना लावली. ड्रेपर तुरुंगाच्या एका भागात दोनशेहून अधिक माणसांना एकच चालू शौचालय होतं. शिक्षेच्या कोठड्या चार फूट बाय आठ फूट. त्यांत सहा-सहा माणसं, दिवा नाही, पाणी नाही, शौचाला जमिनीत भोक. यातल्या काही अटी अपिलात सैल झाल्या.

या सगळ्याची किंमत घरच्यांनीही मोजली. अंगणात क्रूस जाळला गेला (गोऱ्या वर्चस्ववाद्यांची ही दहशतीची खूण), धमक्या येत राहिल्या, अनेक वर्षं पहारा होता. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला गेला. त्या बचावल्या, आणि घर सोडून गेल्या नाहीत.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एफबीआय या संघराज्याच्या तपास संस्थेच्या प्रमुखपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं, ते प्रकृतीमुळे मागे घ्यावं लागलं. १९७९ मध्ये ते संघराज्याच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९९२ मध्ये माँटगोमेरीच्या न्यायालयाला त्यांचं नाव दिलं गेलं, १९९५ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा मोठा नागरी सन्मान मिळाला. २३ जुलै १९९९ रोजी त्यांचं निधन झालं. वायटचा दावा त्यांच्यानंतरही चालू राहिला आणि डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे दाखल झाल्यापासून तेहेतीस वर्षांनी, बंद झाला.